तो लूप सापडला

रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

पाच महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या दोन मेसेजना नुसता अंगठा. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, पाठ मधूनमधून बोलते, चष्म्याचा नंबर वाढलाय. झालं. लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरात सांगितलं तर "मग दुरुस्त केलंस ना?" एवढंच विचारतील.

मंगळवारी रात्री दोनला आमची सिस्टीम झोपली. मागची एक सर्व्हिस जरा मंदावली होती, एरवी पाच-दहा मिनिटांत सावरली असती. पण पुढच्या सर्व्हिस तिला सावरू देईनात. उत्तर आलं नाही की लगेच पुन्हा रिक्वेस्ट, तेही आलं नाही की पुन्हा, मध्ये क्षणभर थांबणं नाही. एकेका रिक्वेस्टच्या दहा-दहा झाल्या आणि बिचारी पुरती आडवी झाली. ओळखलंस? नाही? थांब.

पहाटे चारला कोड उघडला. आठ ठिकाणी तोच, न थांबता पुन्हा पुन्हा विचारणारा लूप, टीममधल्या सगळ्यात नव्या पोरीने वर्षभरात टाकलेला. आठही ठिकाणी जसाच्या तसा, व्हेरिएबलच्या नावासकट. नाव काय, तर 'पुन्हाबघू'.

आता ओळखलंस. असलं नाव ठेवणारा गाढव जगात एकच, मी.

तो दिवस आठवतो? मी हेडफोन लावून ऐटीत टाइप करत होतो, तू खुर्ची घरंगळत मागे आलास आणि स्क्रीनवर बोट आपटून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं काहीतरी बोललास. लोक हसले. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. मग गुपचूप लूपमध्ये थांबण्याची वेळ टाकली, दर वेळी दुप्पट होत जाणारी, वर थोडी इकडेतिकडे, म्हणजे सगळ्यांनी एकदम धडका मारायला नकोत. पण टाकली ती फक्त पेमेंटच्या भागात. रिपोर्टवाल्या भागात 'नंतर बघू' म्हणून तसंच ठेवलं. आणि पेमेंटच्या कमिटला, म्हणजे जमा केलेल्या त्या बदलाला, मेसेज काय दिला होता? बुधवारी काढून पाहिला. 'किरकोळ बदल'.

म्हणजे बघ, तू जे शिकवलंस ते त्या मजल्यावरच्या हवेत राहिलं. कोडच्या रिपॉझिटरीत उरला माझा मूर्खपणा, आणि पोरीला सापडला तोच.

चूक कशी झाली त्याचा पंचनामा करायला कॉल घेतला. सगळ्यांचे कॅमेरे बंद. ती म्हणाली, "सर, तुम्ही लिहिलेलं होतं, म्हणून बरोबरच असणार असं वाटलं." मग मी तिचे ते बदल कुणी पास केले ते पाहिलं. आठातले सहा मी. एक तर चार मिनिटांत, खाली शेरा 'छान'. तिच्या सहामाही मूल्यमापनात मीच लिहिलंय, 'स्वतंत्रपणे काम करते'. तेव्हा कौतुक म्हणून लिहिलं होतं रे. तिची तिकिटं, म्हणजे उरकलेली नेमून दिलेली कामं, टीममध्ये सगळ्यात जास्त. चौदा महिन्यांत तिला मी प्रत्यक्ष एकदा भेटलोय, तेही ओळखपत्र देताना.

आता तू खुर्चीत मागे रेलून हसशील, माहितेय. घरून काम चांगलं की ऑफिसात, यावर 2020 पासून आपण भांडतोय. मी दर वेळी तुझ्या तोंडावर सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीतला प्रयोग फेकायचो, अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूमवाला, शांघायचा. लोक नऊ महिने घरून बसले आणि काम 13 टक्क्यांनी वाढलं. तू म्हणायचास, "अरे ते कॉल सेंटर आहे. फोन उचलणं आणि कोड लिहिणं एकच का?" वर सांगायचास की त्यातले नऊएक टक्के तर निव्वळ जास्त मिनिटं खुर्चीत बसल्याचे. मग तुझं ठेवणीतलं अस्त्र: आशियातल्या त्या मोठ्या आयटी कंपनीचे दहा हजारांवर लोक, तास वाढले, काम किंचित घटलं, मीटिंगांनी दिवस खाल्ला, उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनी खाली. मी म्हणायचो, ते महामारीचे पहिले महिने होते, पोरं मांडीवर घेऊन लोक काम करत होते. तू फोन ठेवायचास. खरं तर दोनदा मी ठेवलाय, पण ते जाऊ दे.

2024 मध्ये ब्लूमचाच दुसरा प्रयोग 'नेचर'मध्ये आला तेव्हा मी तुला लिंक पाठवली नाही, कारण त्यात दोघांपैकी कुणाचीच जिरत नव्हती. तीच कंपनी, 1,612 लोक, त्यात इंजिनिअरही. आठवड्यात दोन दिवस घरून. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले, कामगिरीच्या शेऱ्यांत आणि बढत्यांत फरक काही नाही. गंमत मॅनेजर लोकांची. आधी त्यांना वाटत होतं काम 2.6 टक्क्यांनी पडेल, नंतर म्हणाले एक टक्का वाढलं.

पण मंगळवारपासून डोक्यात घोळतोय तो वेगळाच अभ्यास. सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा, शेजारी बसणाऱ्यांचा. टीम शेजारी-शेजारी बसली की कोडवर शेरे जास्त मिळतात, नवख्यांना विशेष. आणि शेरे देणारे जे जुने लोक, त्यांचं स्वतःचं काम तेवढं कमी होतं. हे मी तेव्हा वाचलं आणि सोडून दिलं. आता कळतंय घोडं कुठे अडलंय. घरी बसल्यापासून माझा तिकिटांचा आकडा वाढला, वाढलाच, मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत फिरलो. वाढला कुठून? कुणी खुर्ची वळवून "एक मिनिट हं" म्हणत नाही म्हणून. तू माझ्या स्क्रीनवर बोट आपटलंस तेव्हा तुझी ती दुपार गेली होती. तुझ्या हिशेबात तो तोटाच.

शुक्रवारी वरून विचारणा आली आहे. टीमला ऑफिसात किती दिवस बोलवायचं, एका परिच्छेदात मत द्या. तुझं उत्तर मला पाठ आहे, पण लेका, तिथे आता काय असतं ते येऊन बघ. प्रत्येकाच्या कानात हेडफोन, निम्मी टीम दुसऱ्या शहरात, शेजारच्या टेबलावरच्याशीही माणूस कॉलवरच बोलतो. येण्याजाण्यात दोन तास घालवून तेच कॉल घ्यायचे असतील तर पोरांनी का यावं? आणि तिला रोज समोर बसवली असती तरी मी हेडफोन काढला असता का, याची मला खात्री नाही. पूर्वीही मी काढला नव्हता. तू आला होतास.

एक कबुली, हसू नकोस. परवा मी कागदावर डिझाइन काढत बसलो होतो. पाच मिनिटं माऊसला हात लागला नाही की चॅटमध्ये नावाशेजारचा, माणूस कामावर आहे असं दाखवणारा तो हिरवा ठिपका पिवळा पडतो. पंचेचाळिशीचा माणूस, दर थोड्या वेळाने कोपराने माऊस ढकलतोय! वर्षभरातलं सगळ्यात बरं काम त्या कागदावर होत होतं आणि मी ठिपक्याला जपत होतो.

परिच्छेद अजून लिहिलेला नाही. गुरुवारपासून एवढंच केलंय की रोज एक तास तिच्याबरोबर स्क्रीन उघडून बसतो, विषय न ठरवता. पहिल्या दिवशी दोघंही गप्प, नुसता तिचा कीबोर्ड वाजत होता. शुक्रवारी तिने "हे असं का?" चौदा वेळा विचारलं. अकरांची उत्तरं आली. या आठवड्यात माझी तिकिटं झाली दोन, आणि डॅशबोर्डवर माझं नाव लाल.

तुझं काय चाललंय? वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरीचा निकाल ऐकला, मेसेज टाइप केला होता, पाठवायचाच राहिला, तिला सांग. नवीन जागा मानवली का? पोपट भेटला तर म्हणावं माझी पुस्तकं अजून त्याच्याकडेच आहेत.

आणि मुख्य काम. आठही लूप ती स्वतः दुरुस्त करतेय, पाहणारा मी. का थांबायचं, हे तिथे कमेंटमध्ये लिहायचं ठरलंय. तू त्या दिवशी स्क्रीनवर बोट आपटून नेमकं काय म्हणाला होतास? मला फक्त लोक हसलेले आठवतात. शब्द आठवत असतील तर कळव. शिवी वगळून.

तुझा,
ढापण्या