राज्य पुरस्कार मिळवलेल्या लेकीस

चि. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे स्काऊट-गाईड चळवळीतील राज्य पुरस्काराचे प्रमाणपत्र शाळेत आले आणि प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर ते तुझ्या हाती देण्यात आले, हे तुझ्या आईने काल कळवले. फोनवर तुझे अभिनंदन केलेच, परंतु फोनवर चार शब्द बोलून होतात आणि महत्त्वाचे ते राहून जाते. शिवाय हे तू पुढे कधीतरी पुन्हा वाचावेस असेही वाटते, म्हणून आज रविवारी सवडीने पत्र लिहायला बसलो आहे.

आपल्या घरात गुणपत्रिकेला मान आहे आणि तो असायलाच हवा. परंतु कोणाचीही गुणपत्रिका हाती आली की पहिला प्रश्न येतो तो ‘वर्गात कितवी आली?’ हाच. तुझ्या या प्रमाणपत्रावर टक्केवारी नाही आणि क्रमांकही नाही. चाचणी शिबिरात तू उत्तीर्ण झालीस म्हणून दुसरी कोणी मागे ढकलली गेली नाही. जिला ते काम नीट जमले ती प्रत्येक मुलगी उत्तीर्ण झाली. ज्या यशासाठी कोणाला हरवावे लागत नाही असे यश तू मिळवलेस, याचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो.

हा पुरस्कार एका उडीत मिळत नाही, हे मी तुझ्याबरोबरच शिकलो. आधी प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान आणि त्यानंतर राज्य पुरस्कार. पाचवीत पहिल्यांदा गाईडचा स्कार्फ आणि तो गळ्याशी अडकवायची कडी, म्हणजे वॉगल, घालून तू आरशासमोर उभी राहिलीस, तेव्हा तुला वचन आणि नियम पाठ करायचे होते एवढेच आम्हाला ठाऊक होते. पुढे गाठी आल्या, होकायंत्राच्या सोळा दिशा आल्या, प्रथमोपचार आला, उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक करणे आले. यांतली एकही गोष्ट आदल्या रात्री जागून पाठ करण्यासारखी नाही. दोरी हाती घेतली की गाठ बसते किंवा सुटते, आणि ते परीक्षकाच्या आधी तुझे तुलाच कळते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या मोगरा संघातल्या मुली आपल्या अंगणात चपला ठेवायचा स्टँड बांधायला जमल्या होत्या, ती दुपार मला नीट आठवते. दोन काठ्या काटकोनात धरायच्या, उभ्या काठीला क्लोव्ह हिच नावाची गाठ मारून सुरुवात करायची, दोरी दोन्ही काठ्यांभोवती एकीच्या मागून आणि दुसरीच्या पुढून तीन वेळा फिरवायची, मग दोन काठ्यांच्या मधल्या फटीतून आडवे फेरे घेऊन सगळे वेढे करकचून आवळायचे आणि आडव्या काठीला पुन्हा क्लोव्ह हिच मारून शेवट करायचा. तुझ्या संघातल्या सर्वांत लहान मुलीची बांधणी प्रत्येक वेळी सैल पडत होती. तिच्या हातातून दोरी घेऊन तू ते काम पाच मिनिटांत संपवले असतेस. त्याऐवजी तू स्वतःचे हात पाठीमागे धरून तिच्यासमोर उकिडवी बसलीस आणि केवळ शब्दांनी सांगत राहिलीस: ओढ, आता आवळ, आता मधून घे. तिची बांधणी पक्की होईपर्यंत तू दोरीला बोटही लावले नाहीस. संघनायिका म्हणजे नेमके काय, हे मला त्या दुपारी समजले.

आजीचे मनगट मुरगळले तेव्हाही तू घाबरली नाहीस. त्रिकोणी पट्टीची झोळी करून तिचा हात गळ्यात अडकवलास आणि मानेच्या बाजूला रीफ नॉट मारलीस. ‘उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर,’ असे पुटपुटत तू ती बांधत होतीस. ही गाठ सपाट बसते, त्यामुळे रुग्णाला टोचत नाही, आणि दोन्ही वेळा उजवेच टोक डाव्यावर घेतले तर गाठ निसटते, हे तू आजीला समजावूनही सांगितलेस. डॉक्टरांनी झोळी सोडताना ती कोणी बांधली हे विचारले, हे आजी आजही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

ज्या चळवळीचा गणवेश तू घालतेस, तिचा आरंभही मला आवडतो. 1907 च्या ऑगस्टमध्ये या चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले. त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळांतली आणि कष्टकऱ्यांच्या घरांतली मुले त्यांनी मुद्दाम एकत्र आणली आणि त्यांचे मिश्र संघ केले. त्या काळातील इंग्लंडमध्ये ही लहान गोष्ट नव्हती. मुलींना मात्र त्यात कोणी बोलावले नव्हते. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतः तयार केलेला वेश घालून तेथे हजर झाल्या आणि आम्हालाही हे शिकायचे आहे असे त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी मुलींची स्वतंत्र गाईड संघटना उभी राहिली आणि तिचे काम बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांनी हाती घेतले. 1911 मध्ये आपल्या देशात जबलपूर येथे गाईडचे काम सुरू झाले. 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संघटना स्थापन झाली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गाईड्सची संघटना तिच्यात रीतसर सामील झाली. तेव्हा, बाळा, तुझ्या हातातील प्रमाणपत्रामागे त्या न बोलावता गेलेल्या मुलींचे धाडस आहे.

आपल्या नात्यातली काही वडीलधारी मंडळी विचारतात की याचा पुढे उपयोग काय. त्यांचा प्रश्न मनापासून असतो, त्याचा राग मानू नकोस. राज्य पुरस्काराच्या पुढचा राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या स्काऊट-गाईडसाठी रेल्वेच्या भरतीत वेगळा कोटा असतो, हे मी त्यांना सांगतो आणि त्यांचे समाधान होते. माझे समाधान मात्र तेवढ्याने होत नाही. रोज एक सत्कृत्य करायचे हा तुमचा नेम आहे, आणि तू ते कोणाला सांगत नाहीस हे मी पाहिले आहे. शेजारच्या काकूंचे पाण्याचे हंडे तू भरून देतेस हे आम्हाला त्यांच्याकडून कळले, तेही कित्येक महिन्यांनी. तुमच्या नऊ नियमांत पहिलाच नियम विश्वासपात्र असण्याचा आहे, आणि घराची किल्ली, आजीची औषधे किंवा धाकट्या भावाचा हात यांपैकी काहीही तुझ्यावर सोपवताना आम्हाला आता क्षणभरही विचार करावा लागत नाही. आई-बापाला याहून मोठा उपयोग कोणता हवा?

आता राष्ट्रपती पुरस्काराविषयी. तुमचे गाईड पथक सांभाळणाऱ्या कॅप्टन बाईंनी नाव देण्याविषयी विचारले आहे, असे आईकडून समजले. पुढचे वर्ष दहावीचे आहे आणि शिबिर, सेवेची कामे, नोंदवही हे सगळे अभ्यासाच्या बरोबरीने सांभाळावे लागेल, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मला तुझ्यावर भार टाकायचा नाही. तू जायचे ठरवलेस तर तयारीला जे लागेल ते मी पुरवीन, आणि न जाण्याचे ठरवलेस तरी आज वाटणाऱ्या अभिमानात तसूभरही फरक पडणार नाही. निर्णय तू घे आणि तो बाईंना तूच स्वतः जाऊन सांग.

मे महिन्यात मी रजेवर येईन तेव्हा आपण पुण्याला जाऊ. तेथे गाईडचे ‘संगम’ नावाचे जागतिक केंद्र आहे. 1966 साली ते सुरू झाले, आणि जगात अशी केंद्रे अगदी मोजकीच आहेत. निरनिराळ्या देशांतल्या मुली तेथे येऊन राहतात आणि काम करतात. तुझ्या संघातल्या ज्या मुलींना घरून परवानगी मिळेल त्यांनाही बरोबर घेऊ. त्यांच्या पालकांशी मी बोलतो. भेटीसाठी आधी कळवावे लागेल, तर ते पत्र इंग्रजीत तू लिही आणि मला दाखव.

आजीला नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद. तू मागितलेली सुती दोरी उद्या पार्सलने पाठवतो.

तुझे,
बाबा