पहाटे मोहाला जाणाऱ्या बायांना मी काय सांगू?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळते गोळे रांगेने गेले आणि माझा फोन वाजायचा थांबेना. सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावाची मी पोलीस पाटील. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे उल्का. लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं लोखंडी दिसणारं कडं पडलं, पवनपारकडे गोळा सापडला. बाकीचे तुकडे कुठे, हे त्या रात्री कोणालाच सांगता येईना. दिवस मोहफुलांचे. आमच्या बाया अंधारातच टोपली घेऊन जंगलात निघतात. वाघाची धास्ती असतेच, त्यात हे. ‘बाई, मोह वेचाले जावं का नाही?’ शेजारच्या काकूंनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

ते चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचे अवशेष असावेत, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. अशी वस्तू सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने येते. पडण्याच्या वेळेचा अंदाज तासाभराने चुकला, तर जागा सुमारे 27,000 किलोमीटरने चुकते.

पण ती वातावरणात शिरताना हवेला जो दणका देते, त्यातून 20 हर्ट्झच्या खालचा, आपल्या कानाला न कळणारा आवाजही निघतो. हा अवध्वनी शेकडो किलोमीटर जातो. थोड्या थोड्या अंतरावर तो टिपणारे चार संवेदक (सेन्सर) मांडले की कोणाकडे आधी पोचला यावरून दिशा निघते. अशी दोन-तीन ठिकाणं असली की मार्ग काढता येतो. वरचे वारे आवाज वळवतात, म्हणून हवामानाच्या नोंदी जोडाव्या लागतात. 24 सप्टेंबर 2023 ला नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने पाठवलेली, लघुग्रहाचे नमुने असलेली जेमतेम 46 किलोची कुपी अमेरिकेत उतरली, तेव्हा शास्त्रज्ञांनी वाटेवर आधीच संवेदक मांडून तिचा आवाज टिपला. रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या 2013 च्या उल्केचा आवाज तर अंटार्क्टिकापर्यंत पोचला होता. तो टिपणारं केंद्रांचं जाळं अणुचाचणीबंदी करारासाठी उभारलेलं आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्यातलं एकही केंद्र आपल्याकडे नाही.

म्हणून आपले संवेदक आपणच लावावेत. सिंदेवाहीला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथली जागा इस्रोने पाहावी. आणि निघालेली माहिती दिल्ली-मुंबईत न थांबता त्याच रात्री पोलीस पाटलांच्या फोनवर यावी. काही यानांच्या टाक्यांत हायड्राझिनसारखं विषारी इंधन असतं आणि आमची पोरं सापडलेली वस्तू आधी हातात घेतात.

तुकडे कोणत्या बाजूला गेले एवढं रात्री दहापर्यंत कळलं, तरी पहाटे कोणत्या जंगलात जायचं नाही ते मी काकूंना सांगू शकेन.

आपली,
एक पोलीस पाटील, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर