ती कुंडी रिकामी नव्हती

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा सकाळी गणेशखिंडीकडे फिरायला गेले होते. पुढून चालणारे एक गृहस्थ सोबतच्याला म्हणाले, "म्हणे वनस्पती उद्यान! ना हिरवळ, ना कारंजं, बसायला धड बाकसुद्धा नाही. नुसतं रान माजलंय." मी ३१ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

वनस्पती उद्यान मुळात शोभेसाठी निघालेच नाही. इटलीत पिसा आणि पादुआ इथल्या विद्यापीठांनी सोळाव्या शतकात अशी उद्याने सुरू केली ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी. औषधी झाड ओळखण्यात चूक झाली तर रोग्याच्या जिवावर बेतते, तेव्हा खरे झाड समोर हवे. पादुआचे उद्यान १५४५चे, आजही त्याच जागी आहे. तिथल्या औषधी रोपांच्या इतक्या चोऱ्या होऊ लागल्या की भोवती गोल भिंत बांधावी लागली.

आपल्याकडेही सुरुवात औषधांपासूनच झाली. दापोडीला १८२८मध्ये सरकारी वनस्पती उद्यान निघाले. त्याचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथे औषधी वनस्पती वाढवून सरकारी औषधभांडाराला माल पुरवत. हेच गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी दापोडीतल्या झाडांची सुरेख रंगचित्रे एका चित्रकाराकडून करून घेतली. चित्रे एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत, पण काढणाऱ्याचे नाव कुणी नोंदवून ठेवले नाही. मला याची फार हळहळ वाटते.

दापोडीनंतर हे काम गणेशखिंडीत आले. १८७३च्या सुमारास उभी राहिलेली ती बाग आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे आणि २०२०मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जवळच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. त्याची मुख्य इमारत म्हणजे जुने गव्हर्नरांचे निवासस्थान. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४मध्ये तिचे काम सुरू झाले. जुन्नरच्या कड्यांवर वाढणारी आपली दुर्मिळ शिंदळमाकुडी वर्षानुवर्षे शास्त्रात 'फ्रेरिया इंडिका' म्हणून ओळखली गेली, ती याच फ्रिअरच्या नावावरून. वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करायची.

शिंदळमाकुडीची जवळची नातलग म्हणजे कंदीलपुष्प. फुलाच्या नळीत शिरलेली माशी आतल्या केसांमुळे अडकते आणि फूल मलूल झाले की परागकण घेऊन सुटते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानाने अशी कंदीलपुष्पे जतन करण्याचे मोठे काम केले आहे. आम्हीही एका महाविद्यालयाच्या छोट्या बागेत ती बियांपासून वाढवली होती. पाऊस सरला की ही वेल सुकून जाते. मातीखाली फक्त कंद उरतो. त्यामुळे उन्हाळ्यात कुंडी अगदी रिकामी दिसते. एका मे महिन्यात रंगकामासाठी पाट्या काढून ठेवल्या. आमचे जुने माळीकाका नुकतेच निवृत्त झाले होते. कंत्राटावर आलेल्या मुलाला 'रिकाम्या' कुंड्या दिसल्या, त्याने माती उपसून गुलाबांना घातली. त्या पोराचा काय दोष? त्याला कुणी सांगितलेच नव्हते. अकरा कुंड्या गेल्या. कोणते बी कोणत्या डोंगरावरून, कोणत्या साली आणले ही वही माझ्या कपाटात अजून आहे, पण त्या वहीतले एकही झाड आज जिवंत नाही.

म्हणूनच मला कारंज्यापेक्षा पाटीची काळजी वाटते. झाड कुठून आले, कधी आले, कुणी आणले ही नोंद हरवली की अभ्यासकाच्या दृष्टीने ते निनावी होते. दुर्मिळ वनस्पती पुन्हा डोंगरावर लावायची वेळ आली तर ती मूळची कुठली हे माहीत असायला नको का?

विद्यापीठे आणि महाविद्यालयांना माझी विनंती आहे. वनस्पती उद्यानातल्या माळ्यांची पदे कायमस्वरूपी भरा. निवृत्त होणाऱ्या माळ्यासोबत नव्याला निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा काम करू द्या. पाटीवर शास्त्रीय नावाशेजारी मराठी नाव लिहा. आणि महिन्यातून एका रविवारी शिक्षकांनी नागरिकांना बाग हिंडून दाखवावी. परवाच्या त्या गृहस्थांना कुणी बाग दाखवली असती, तर ते तिला रान म्हणाले नसते.

भाद्रपदात कंदीलपुष्पे फुलतात. यंदा कुणी असा रविवार ठरवला तर माहिती सांगायला मी आनंदाने येईन.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका
औंध, पुणे