‘किती मुले आली’ ही निष्पत्ती नव्हे

संपादक महोदय,

तरुणांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवांच्या अहवालात बहुधा एकच आकडा ठळक असतो: इतक्या मुलांचे समुपदेशन झाले. ही झाली कामाची मोजदाद. मुलांना बरे वाटू लागले का, हे त्यातून कळत नाही.

काही सेवा प्रश्नावली वापरतात, पण फक्त पहिल्या आणि शेवटच्या भेटीला. शेवटची भेट सांगून येत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर मूल यायचे थांबते, दुसरा फॉर्म कोरा राहतो आणि सरासरी निघते ती टिकून राहिलेल्यांचीच. त्यापेक्षा प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला छोटी प्रश्नावली भरून घ्यावी. मूल मध्येच सुटले तरी शेवटचा गुण हाती असतो. दोन्ही वेळचे गुण किती जणांचे मिळाले, हेही अहवालात छापावे.

नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७; विचारणा गेल्या दोन आठवड्यांची. १६ वरून १४ वर आलेल्या मुलाला ‘सुधारला’ म्हणण्याची घाई नको, एवढा चढउतार एरवीही होतो. साधारण ५ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही असले, तर बेरीज कितीही कमी असो, मूल खोलीबाहेर पडण्याआधी त्याच्याशी बोललेच पाहिजे. फॉर्मचे गठ्ठे महिनाअखेरीस संगणकात भरणाऱ्यांना हे कसे जमणार?

मुलांच्या भावना-वर्तनातल्या अडचणी मोजणाऱ्या, मूल आणि पालक दोघांकडूनही भरून घेतल्या जाणाऱ्या एसडीक्यू या प्रश्नावलीत आणखी एक खाच आहे. तिच्या पहिल्या फॉर्ममध्ये गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारतात, पाठपुराव्याच्या फॉर्ममध्ये एका महिन्याबद्दल. दोन्ही वेळा पहिलाच फॉर्म दिला, तर उपचारापूर्वीचे दिवसही हिशेबात येतात आणि झालेला फरक झाकला जातो. पालकांची आणि मुलाची उत्तरे जुळली नाहीत म्हणून सरासरी काढणे तर निरर्थकच. आईवडिलांना चिडचिड दिसते, रात्रीची धास्ती दिसत नाही.

आणि मुले मदतीला येतात तीच त्रास टोकाला गेल्यावर, त्यामुळे काहींचे गुण आपोआपही उतरतात. त्या उताराचे सगळे श्रेय सेवेने घेऊ नये. अनुदान गुणांतल्या सुधारणेशी बांधले, तर लवकर सावरतील अशीच मुले निवडण्याचा मोह होतो. सुरुवातीचे गुण न छापता नुसता फरक छापला, तर ही निवड कुणाच्या लक्षातही येत नाही.

– किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्य सेवेतील समुपदेशक