बाबा, बैलाचं नाक जमलं

वेलिंग्टन
पोळ्याच्या आठ दिवस आधी

आई, बाबा, आजी आणि दादा, सगळ्यांना नमस्कार.

दादा, हे तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, भरभर नको वाचू आणि आपल्या मनानं काही गाळू नको. फोनवर मला नीट सांगता येत नाही. तिकडं रेंज जाते, आणि इकडं माझा आवाज जरा बदलला की आई लगेच "काऊन वं, काय झालं" म्हणते, मग जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहून राहिले.

मी बरी आहे, एकदम बरी आहे. जेवते, झोपते, वजन कमी झालं नाही, त्या फोटोत गाल बसलेले दिसतात ते उजेडामुळं. थंडी आहे कारण इथं ऑगस्टमध्ये हिवाळा असतो, दक्षिणेकडून वारा सुटला की छत्री उघडण्यात काही अर्थ नाही, पण खोलीत हीटर आहे आणि आजीनं दिलेली गोधडी आहे. तांदूळ, तुरीची डाळ सगळं मिळतं. जवसाची चटणी संपत आली, पुरवून खाते.

बाबा, तुम्ही मागं विचारलं होतं की तिथं नक्की काय करतेस, आणि मी "सिनेमाचं काम" एवढं म्हणून मोकळी झाले. ते चुकलं माझं. आता सांगते. एका सिनेमासाठी पाण्यात राहणारा एक प्राणी करायचा आहे. सिनेमाचं नाव सांगता येत नाही, तशी सही करून दिली आहे. तो माणसाएवढा आहे, आत खरा नट असतो, आणि त्याच्या डोक्याची माती मी केली. बाकी कामाला आम्ही सहा जण आहोत, पण चेहरा माझा.

आधी नटाच्या डोक्याचा साचा घेतात, त्यातून त्याचं डोकं जसंच्या तसं काढतात आणि मग त्याच्यावर माती चढवायची. ही माती आपल्या बोडीतल्या, म्हणजे तळ्यातल्या, मातीसारखी नाही, तेलातली असते, वाळत नाही, तडकत नाही, तिच्यात लीद नाही की कोंडा नाही. रात्री ओलं फडकं टाकून ठेवायला लागत नाही. तरी पहिले पंधरा दिवस मी संध्याकाळी उठून फडकं शोधायची.

चेहरा झाला पण जिवंत वाटेना. डायरेक्टर आले, पाहून म्हणाले छान आहे, पण हा श्वास घेत नाही. दोन दिवस नुसती नाकाशी झगडत होते. तिसऱ्या रात्री मला शेजारच्या काकांचा बांड्या बैल आठवला. तो फुरफुरायचा तेव्हा नाकपुडीची वरची कड आधी थरथरायची, खालची मागून, आणि मधल्या ओल्या जागेवर बारीक भेगांची जाळी असायची, आटलेल्या बोडीच्या तळासारखी. आणि तुम्ही आठवले. पोळ्याच्या मातीच्या बैलाला तुम्ही नाकपुडी सरळ भोक पाडून करत नाही, बाभळीचा काटा तिरपा घालता आणि जरासा वर उचलता, मग ती कड आपोआप फुगते. मी तेच केलं. काटा नव्हता, तारेचं हत्यार होतं, पण मनगट तसंच फिरवलं. मग वर प्लास्टिकचा पातळ कागद पसरून त्याच्यावरून सुरकुत्या ओढल्या, असं केलं की रेघेच्या कडा मऊ येतात, कातडीसारख्या. सकाळी डायरेक्टर आले, हात लावायला पुढं झाले आणि हात मागं घेतला. बाबा, त्या वेळी तुम्ही तिथं असायला पाहिजे होते.

आपल्या घरात बाईनं चाकावर बसायचं नाही, पण बैलाला चाक लागत नाही म्हणून तुम्ही मला बैल करू दिले, तेवढ्यावरच मी इथपर्यंत आले. हे मी इथल्या लोकांना सांगते, लपवत नाही.

मग मातीवरून फायबरग्लासचा साचा. काचेच्या धाग्यांची चटई असते, ती रेझिनमध्ये भिजवून थरावर थर द्यायचे, ब्रशनं ठोकून ठोकून हवा काढायची, बुडबुडा राहिला की तिथं साचा कच्चा. पुढचा एक भाग, मागचा एक, जोड कानामागून. साचा उघडला की आतली माती खरवडून काढतात. सहा आठवड्यांचं काम तासाभरात बादलीत, माझ्या पोटात गलबललं. राहते ती फक्त पोकळी. त्या पोकळीत मधे नटाचं ते साच्यातून काढलेलं डोकं बसवतात आणि दोन्हीमधली जी जागा मातीची होती तिथं फोम भरतात.

फोम म्हणजे रबराच्या झाडाचं दूध. मिक्सरमध्ये फेटायचं, त्यात फेस आणणारं एक औषध, एक गंधकाचं, आणि सगळ्यात शेवटी गोठवणारं. ते शेवटचं घातलं की हातात थोडीच मिनिटं असतात. मग साचा भट्टीत, शंभर डिग्रीच्या खाली, कितीतरी तास. आपला मडकी भाजायचा आवाच समजा. पहिला घाणा माझ्या हातून वाया गेला, फेस भांड्यातच बसला. त्या दिवशी पाऊस होता, हवा दमट, आणि मी वेळ रोजचीच धरली. तुम्ही आवा लावताना आकाश पाहायचे, मी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या वेळी आधी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तो घाणा चांगला निघाला, नाकाची जाळीसुद्धा उतरली. आता त्या मऊ फोमच्या आत फायबरग्लासची पातळ कवटी बसते, तिच्यात छोट्या मोटारी, भुवई उचलायला, ओठ हलवायला.

एक गोष्ट मनात आहे. तुम्ही पीओपी घरात येऊ दिलं नाही, गिऱ्हाईक तुटलं तरी नाही, तुमचा गणपती वैनगंगेत पुन्हा माती होतो. आणि मी जे फायबर वापरून राहिले ते पाण्यात विरघळत नाही. मला ते टोचतं. फोमचं तसं नाही, रबर आहे, उजेडानं नि हवेनं काही वर्षांत तोही कडक होऊन चुरा होतो, जुन्या सिनेमांचे मुखवटे असेच गेले. पण साचा राहतो. तुम्हाला न सांगता राहवलं नाही.

आई, आता तुझं. वास येतो, खरं आहे, पण मी तोंडावर दोन गोल फिल्टरचा मास्क लावते, साधा कापडी नाही, डोळ्याला चष्मा, हातात मोजे, आणि रेझिनची खोली वेगळी आहे, तिथली हवा पंखे बाहेर ओढतात. अंगाला धागे टोचतात तर आधी थंड पाण्यानं धुवायचं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं. गेल्या महिन्यात खोकला होता तो थंडीचा होता. डॉक्टरला दाखवलं. लगेच नाही, पण दाखवलं.

आजी, राक्षसाचं तोंड करते म्हणून माझं लग्न जमत नाही असं म्हणू नको गं. आपल्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, लोक "घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाची इडापिडा बाहेर नेतात, तो मारबतीचा पुतळा कोणीतरी बांधतंच ना, त्याला कोणी अपशकुनी म्हणतं का. आणि मामा म्हणतात नाटक-सिनेमावाल्यांचं काही खरं नसतं, तर त्यांना सांगा, आपल्याच गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली झाडीपट्टीच्या नाटकासाठी पद्मश्री मिळाली. इकडं ऑस्करमध्ये १९८१ च्या सिनेमांपासून मेकअपचं वेगळं बक्षीस आहे, आमच्यासारखं काम त्यात धरतात. मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक पाहून तुझ्याच मांडीवर झोपणारी मी, दुसरं काय करणार होते.

इथली एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही. इथं लोक अनवाणी फिरतात. घरात नाही म्हणून राहिले मी, रस्त्यावर. चांगली गाडी पार्क करून माणूस उतरतो आणि पायात काही नाही, तसाच सुपरमार्केटात जातो, ट्रॉली ढकलतो, दूध घेतो, रांगेत उभा राहतो, कोणी पाहतसुद्धा नाही. लेकरं शाळेत अनवाणी जातात आणि मास्तर काही म्हणत नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं बिचाऱ्याची चप्पल तुटली असेल. मग दुसरा दिसला, मग एक बाई, कडेवर पोरगं. इथले मूळचे माओरी लोक सभाघरात जाताना बाहेर पायताण काढतात, ते मला लगेच समजलं, आपण देवळात काढतो तसंच, पण दुकानात काऊन? मी कामावर विचारलं तर म्हणाले, बरं वाटतं. बस, एवढंच. मग माझ्या लक्षात आलं की या देशात जमिनीवर साप नाहीत, विंचू नाहीत, बाभळी नाहीत. शेताच्या धुऱ्यावरून जाताना काठी आपटत जायची ही गोष्ट यांना माहीतच नाही. आई, आपल्याकडं पायात चप्पल नसणं म्हणजे नसणंच. तिसरीत असताना तू स्वतःला न घेता मला चपला घेतल्या होत्या आणि धानाच्या रोवणीचे दोन महिने तशीच गेलीस, बोटांमधे चिखल्या झालेल्या मला दिसायच्या. कोणी अनवाणी दिसलं की मला तेच दिसतं. तुझ्यासाठी बूट घेतले आहेत, आतून लोकर आहे. घालायचे, पेटीत ठेवायचे नाहीत.

आता पैशाचं. ऐंशी हजार परवा टाकले, बुधवारपर्यंत येतील. त्यातले आव्याच्या टिनाच्या शेडला, बाकी दादाच्या लग्नाला. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे मावशीकडून घेतलेले मी वेगळे फेडते, त्यांना हात लावू नका. बाबा, ऑपरेशनच्या दिवशी मला यायला पाहिजे होतं. दुसरा डोळा करायच्या आधी तारीख मला विचारून ठरवा. आणि आव्याच्या धुरात गॉगल लावत जा.

त्या ब्रह्मपुरीच्या स्थळाला हो म्हणू नका. मुलगा चांगला असेल, मी वाईट म्हणत नाही. इथं माझं कोणी नाही, तेही विचारू नका, खरंच नाही. फक्त आत्ता नको.

आणि दादा, इथं थांबू नको, वाचत राहा. मी ऑक्टोबरमध्ये येते म्हणाले होते. काम मार्चपर्यंत वाढलं. शूटिंगमध्ये मुखवटा रोज ओठाशी फाटतो, तो रोज रात्री जोडायला करणारीच लागते. मी सही केली. तुम्हाला विचारायच्या आधी केली. तुझ्या लग्नात डिसेंबरला मी नसेन. तुझी हळद मावशीच्या पोरीनं लावली तरी चालेल, पण करवली म्हणून माझी साडी घे, मी मार्चमध्ये नेसेन. वहिनीला मी वेगळं लिहीन.

पोळ्याला तिकडं पाच वाजता पोळा फुटेल तेव्हा इथं रात्रीचे साडेअकरा असतील, मी जागी असेन, फोन लावा. बाबा, एक बैल माझ्या नावानं करून ठेवा. डोळ्याला ताण नको, नाकपुड्या मी आले की करते.

तुमची
लहानी