व्याख्या पाठ, बल्ब बंद

सातवीच्या वर्गात परवा सेल, वायरी आणि बल्ब वाटले. वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान असलेल्या पोराने मिनिटभरात बल्ब पेटवला. 'विद्युत परिपथ' म्हणजे काय, हे मात्र त्याला लिहिता येईना. व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलीने दोन्ही वायरी सेलच्या एकाच टोकाला लावल्या होत्या. दोघांना एकच स्वाध्याय कसा द्यायचा? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, हेही त्याच कायद्यात आहे. माझ्या वर्गात ५८ आहेत! तरी आता त्याला आधी आकृती काढायला लावते, तिच्या हातात आधी वायरी देते. उरलेल्या ५६ जणांचे काय, ते शिक्षण खात्याने सांगावे.

- एक विज्ञान शिक्षिका, सोलापूर