काका, तुम्ही झोपलात म्हणून

ती. काका,
सा. न.

मोठी गाडी शिकवल्याबद्दल समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, येतो" म्हणता आणि स्टार्टर मारता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमची लेक वाचून दाखवेलच.

आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाऊन आलो. सासू-सासऱ्यांपासून पाच वर्षांच्या पुतणीपर्यंत अकरा माणसं, एकच १२ सीटर व्हॅन आणि स्टिअरिंगवर मी. गाडी जशी घेतली तशी परत दिली, साधा ओरखडासुद्धा नाही.

आता आधी थोडं मनातलं काढून टाकते. आमच्या ट्रॅव्हल एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, "दहाच्या वर माणसं असली की तिकडे ड्रायव्हर घ्यावाच लागतो, नियम आहे." असा काही नियम नाही. १२ सीटर तिथे साध्या कारच्या परवान्यावर भाड्याने मिळते आणि रस्त्यावर आपल्यासारखंच डावीकडून चालायचं असतं. नियम बहुधा त्याच्या कमिशनचा होता. डिझेलच्या गाडीला तिथे किलोमीटरच्या हिशोबाने वेगळा रस्ता-कर पडतो, सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची असते, हे मात्र त्याला सुचलं नाही. ते आम्हीच शोधलं.

मग मोठ्या गाडीवर हात बसवायला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले, तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "घरात कोणी जेंट्स नाहीत का?" आहेत ना! आमचे दीर तर जेवणाच्या टेबलावर बसून मिलफर्ड साउंड या तिथल्या खाडीपर्यंत गाडी चालवून आले होते. ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर ती पांढरी लांबलचक गाडी पाहिल्यावर मात्र त्यांची पाठ अचानक दुखायला लागली.

तुम्हाला मी नुसतं विचारलं होतं, "काका, एवढी मोठी गाडी मला जमेल का?" जमेल, नाही जमणार, यातलं तुम्ही काहीच बोलला नाहीत. "पहाटे साडेपाचला या, नंतर सासवड रोडला ट्रक वाढतात," एवढंच. ज्या टेम्पो ट्रॅव्हलरवर तुमचं घर चालतं, अष्टविनायकाच्या ट्रिपा होतात, तिची किल्ली तुम्ही माझ्या हातात दिलीत.

शिकवलंत ते सगळं कामी आलं. मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग येत नाही, आत काटतं, म्हणून वळण लांबून घ्यायचं. क्लीनर साइडचा, म्हणजे डावीकडचा, आरसा सारखा बघत राहायचं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. गाडी ऑटोमॅटिक असली तरी खालचा गिअर हाताने टाकता येतो, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि आमच्या पडवीत मांडलेल्या बॅगा बघून म्हणालात, "ताई, बारा सीट म्हणजे बारा माणसं. ह्या पेट्या कुठं बसणार?" त्या संध्याकाळी कडक सुटकेसा माळ्यावर गेल्या आणि कापडी बॅगा खाली आल्या. नाहीतर आमची निम्मी ट्रिप मांडीवर सामान घेऊन झाली असती.

पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या दिवशी दिवे घाटाच्या माथ्यावर, विठोबाच्या त्या उंच मूर्तीपाशी, तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. तोवर तुम्ही कायम माझ्या शेजारी बसायचात, हात हँडब्रेकच्या जवळ. मला वाटलं काहीतरी चुकलं. तुम्ही उतरलात, मागचं दार उघडलंत, शेवटच्या सीटवर जाऊन आडवे झालात आणि टोपी तोंडावर ओढलीत. अख्खा घाट मी एकटीने उतरवला. समोरून ट्रक येत होते, आणि आरशात तुमच्या फक्त चपला दिसत होत्या. खाली वडकीला उठलात आणि म्हणालात, "पुढं हडपसरला गर्दी लागेल. चहा इथंच घेऊ." शाबासकी नाही, सल्ला नाही.

तुम्ही खरंच झोपला होतात की सोंग होतं, हे मी काकूंना नंतर विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "हे एसटीतसुद्धा कधी डोळा मिटत नाहीत, दुसऱ्याच्या हातात गाडी असली की."

ते ऐकल्यावर मला परदेशाची भीती वाटेनाशी झाली. तिथल्या 'ते आनाउ' गावावरून मिलफर्डला जाताना होमर टनेल लागतो. १९५४ साली खुला झालेला, सुमारे १.२ किलोमीटरचा, भिंती नुसत्या फोडलेल्या कातळाच्या, आणि आतला रस्ता थेट उताराचा. बाहेर पडल्यावर लगेच वळणंच वळणं. मी गिअर खाली टाकला आणि आरशात बघितलं. मागची पूर्ण रांग गाढ झोपली होती, दीर धरून.

तिथे अरुंद पूल फार. एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते, ज्याच्या बाजूने लाल बाण असतो त्याने थांबायचं. लोक थांबतात, हॉर्न नाही, खिडकीतून डोकं बाहेर काढणं नाही, जाताना बोट उचलून नमस्कार. सासरे म्हणाले, ही माणसं किती सभ्य! मी म्हटलं, आपल्याकडेही आहेत, फक्त ती पहाटे साडेपाचला भेटतात.

तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत, वर वडकीच्या चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत. ते मी अजून विसरलेले नाही. आता माझ्या धाकट्या जावेलाही शिकायचंय. तिला हो म्हणा. डिझेल आम्ही भरणार, चहा आमचा, आणि यावर वाद घालायचा नाही.

तुमची,
कोथरूडची ताई